दगडातलं पाणी दाखवणारी पेटी: नमुने अस्सल, पुस्तिका फसवी

सातारा शहरातल्या एका खनिजविक्रेत्याकडे शाळा-कॉलेजांसाठी ही पेटी 1,450 रुपयांना मिळते. आत सहा नमुने आहेत: भोकाभोकांचा बेसाल्ट, स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट (बेसाल्टच्या भोकांत वाढणारी, पाणी धरून ठेवणारी खनिजं), कॅल्साइट, जिप्सम आणि जांभा. सोबत स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी, खिशात मावणारा वजनकाटा आणि पुस्तिका. पाणी, कार्बन, गंधक, फ्लोरिन ही बाष्पनशील, म्हणजे तापली की वायू होऊन सुटणारी द्रव्यं पृथ्वीच्या पोटातून वर येतात आणि परत आत जातात, ते दाखवायचं म्हणून ही पेटी.

नमुन्यांत खोट नाही. बेसाल्टचा तुकडा तर मुद्दाम भिंगाखाली धरावा असा. लाव्हा वर येताना दाब उतरला, विरघळलेला वायू सुटला आणि त्याचे बुडबुडे तसेच थिजले. काही भोकं रिकामी, काहींत पांढरी खनिजं भरलेली. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो हाच.

घोळ इथेच आहे. स्टिल्बाइट तापवल्यावर निघणारं पाणी म्हणजे ‘मॅग्मातलं’, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातलं पाणी, असं पुस्तिका ठणकावून सांगते. चूक. मॅग्मातला वायू सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच हवेत गेला. भोकं भरली ती नंतर, खडकात मुरलेल्या कोमट पाण्यातून. म्हणजे स्टिल्बाइट परतीच्या वाटेचा साक्षीदार आहे, निघण्याच्या वाटेचा नव्हे. मूळ वायूचा माग काढणारे संशोधक ऑलिव्हिन या बेसाल्टमधल्या हिरवट खनिजाच्या स्फटिकात अडकलेले काचेचे सूक्ष्म थेंब तपासतात. तसलं काही या पेटीत येणं शक्यच नाही. निदान पुस्तिकेने खोटं तरी सांगू नये.

प्रयोग मात्र छान होतो. स्टिल्बाइटची 2 ग्रॅम पूड कोरड्या नळीत घ्या आणि नळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा. ते वर राहिलं तर गार थेंब तापल्या काचेवर ओघळतात आणि नळी तडकते. पुस्तिकेतल्या चित्रात तोंड वरच आहे! वजनात सुमारे 18 टक्के पाणी असतं, पण दिव्याच्या आचेला ते सगळं निघत नाही; 0.36 ग्रॅमपेक्षा कमीच घट दिसेल. आणि काटा 0.1 ग्रॅमच्या पायरीचा, म्हणजे 0.3 आणि 0.4 एवढंच वाचता येतं. 0.01 ग्रॅमचा काटा वेगळा घ्यावाच लागतो. नळी झाकून गार करा, नाहीतर पूड हवेतली ओल परत ओढते. पृष्ठभागावरची ओल वेगळी कळावी म्हणून बेसाल्टची तेवढीच पूड आधी तापवून पाहा.

अपोफिलाइटवर ‘क्वार्ट्झ’ची चिठ्ठी चिकटलेली सापडली तर चाकूने ओरखडा काढा. अपोफिलाइटवर उठतो, क्वार्ट्झवर नाही. अपोफिलाइटात पाण्यासोबत फ्लोरिनही असतो, त्यामुळे ही चिठ्ठीची चूक साधी नाही. जिप्सम, जांभा ठीक.

कॅल्साइटमध्ये वजनाच्या 44 टक्के कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो, पण अख्ख्या खड्यावर व्हिनेगर टाकलं तर फारसं काही दिसत नाही. आधी पूड करा. त्यापेक्षा सांगलीकडच्या काळ्या रानातला चुनखडीचा खडा उचलून आणा: बेसाल्ट झिजून सुटलेलं कॅल्शियम आणि मातीतल्या हवेतला कार्बन यांचा तो बनलेला, फुकट, आणि व्हिनेगरच्या दोन थेंबांत फसफसतो.