केदारनाथचं हेलिकॉप्टर आणि आमचे 34,400 रुपये

हे लिहायला इतके दिवस लागले कारण लाज वाटत होती. नवरा बँकेत, मी शाळेत गणित शिकवते, आणि तरी व्हॉट्सॲपवर आलेल्या चार तिकिटांच्या भरवशावर आम्ही दोन म्हाताऱ्या बायकांना घेऊन कराडहून थेट फाट्याला पोचलो. फाटा हे गावाचं नाव. गुप्तकाशीच्या पुढे लागतं, तिथून केदारनाथला हेलिकॉप्टर जातं.

सासूबाईंना केदारनाथ करायचंच होतं. गुडघे गेलेले, वय अडुसष्ट. गौरीकुंडापासून वर सोळा किलोमीटर चढ, आणि देऊळ साडेतीन हजार मीटरच्याही वर. त्यामुळे हेलिकॉप्टरशिवाय विचारच नव्हता. 2023पासून या तिकिटांचं बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवर होतं, हे आम्हाला माहीत होतं. एप्रिल 2024मध्ये ती साइट उघडून बसलोही. पान फिरतच राहिलं, आणि आत शिरलो तेव्हा आमच्या तारखांच्या जागा संपलेल्या.

मग त्याच रात्री गूगलवर शोधलं. पहिलाच दुवा उघडला. देवळाचा फोटो, ओळखीचा निळा रंग, नावात 'हेली' आणि 'केदारनाथ' दोन्ही. त्याच्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, ते मला नंतर दिसलं. त्या साइटवर पैसे भरायची सोयच नव्हती, फक्त व्हॉट्सॲपचं हिरवं बटण. दाबलं, तर दोन मिनिटांत फोन. माणूस इतका गोड बोलायचा की काय सांगू. "माताजी को कोई दिक्कत नहीं होगी, आगे की सीट दिलवा देंगे." सगळीकडे संपलेली तिकिटं याच्याकडे कशी, असं मी विचारलंसुद्धा. म्हणाला, एजंटांचा कोटा असतो. आपल्याकडे रेल्वेपासून बालाजीच्या दर्शनापर्यंत सगळ्याला कोटा असतोच, त्यामुळे मला ते पटलं. उलट हायसं वाटलं.

चौघांचे आधारचे फोटो मागितले, वजनं विचारली. वजन विचारल्यावर तर आमचा विश्वास पक्काच झाला, कारण हेलिकॉप्टरला वजन लागतं हे आम्ही ऐकून होतो. भाडंही खरंच वाटेल असं: फाट्याहून जाऊन-येऊन माणशी सहा हजार, वर सहाशे सर्व्हिस चार्ज. एकूण 26,400. यूपीआयवर पैसे पाठवताना कंपनीच्या जागी कुणातरी बाईचं नाव आलं. नवरा थबकला. पलीकडून लगेच, "हमारी अकाउंटंट मॅडम हैं सर, कंपनी के खाते की लिमिट पूरी हो गई." बँकेतल्या माणसानं हे ऐकून घेतलं, याचं त्याला अजून वाईट वाटतं. मी तो विषय आता घरात काढत नाही.

दुसऱ्या दिवशी तिकिटं आली. ती मी अजून ठेवलीत. वर आयआरसीटीसीचं बोधचिन्ह, उजवीकडे क्यूआर कोड, खाली सूचना. चारही तिकिटांवरचा क्यूआर कोड मात्र एकच, ठिपक्याला ठिपका जुळणारा. पुन्हा फोन आला, माणशी दोन हजार विमा, तो हेलिपॅडच्या काउंटरवर परत मिळणार. 26 हजार दिले होते, आता आठासाठी कुठे अडायचं? दिले.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. चारधामसाठी उत्तराखंड सरकारकडे प्रत्येकाची यात्रा नोंदणी करावी लागते. ती आम्ही आधीच केलेली होती. हेलियात्रेच्या खऱ्या साइटवर तो नोंदणी क्रमांक घातल्याशिवाय बुकिंग पुढे सरकत नाही. या माणसानं तो एकदाही मागितला नाही. मीच आपणहून विचारलं, तर म्हणाला, "वो हम देख लेंगे."

फाट्याच्या काउंटरवर विशीतला एक मुलगा होता. त्यानं कोड स्कॅन केला, मग आमच्याकडे न बघता कागद घडी घालून परत दिला. रोजची सवय झाल्यासारखं. "नकली है, दीदी. सुबह से तीसरा परिवार है." मागे रांग होती. सासूबाई बाकावर बसून पिशवीतला बेल सारखा करत होत्या. नवरा एवढंच म्हणाला, "आपल्याला अक्षरशः फाट्यावर मारलं," आणि मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

तिथूनच 1930 ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. त्यांनी तक्रार घेतली, पोर्टलवर कागद चढवायला सांगितले. पण पैसे देऊन महिना उलटून गेला होता. खात्यात रक्कम शिल्लक असेल तरच ती अडवता येते, आणि आमची केव्हाच पुढे गेलेली. तिकीट हातात पडलं त्या रात्री कोड ताडून पाहिले असते आणि तेव्हाच फोन केला असता, तर कदाचित काही हाती लागलं असतं. आजवर रुपया परत नाही. आधारचे फोटोही त्याच्याकडेच आहेत, म्हणून चौघांचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलंय.

तरी दर्शन झालं. सोनप्रयागहून जीपनं गौरीकुंड, तिथे सासूबाईंना डोली, चुलतसासूबाईंना घोडा. दर काउंटरवर लिहिलेले होते, पावती मिळाली. आम्ही दोघं चालत. 2013च्या प्रलयानंतर रामबाड्यापुढची वाट नदीच्या पलीकडून काढलीय, ती जास्त लांब आणि खडी. माझं कंबरडं मोडलं.

सासूबाईंना आम्ही खरं सांगितलंच नाही. हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर रद्द झालं, असं सांगितलं. त्या दिवशी आभाळ असं स्वच्छ, की रामबाड्यापासून बर्फाची शिखरं दिसत होती. दर पाच-दहा मिनिटांनी डोक्यावरून एक हेलिकॉप्टर दरी दणाणून सोडत वर जायचं. त्या डोलीतून मान वर करून बघायच्या. तिसरं की चौथं गेलं तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "अगं, मग यांना बरं सोडतायत?"