बाबांच्या अभंगांसाठी घरात मांडलेला स्टुडिओ: आठ महिन्यांनंतर

बाबा चाळीस वर्षं भजनी मंडळात गातात. त्यांचा आवाज नीट जपून ठेवावा, एवढ्यासाठी मी डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेच्या बेडरूममध्ये रेकॉर्डिंगचं सामान मांडलं. फोकसराइट स्कार्लेट टूआयटू इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), ऑडिओ-टेक्निका एटी२०२० आणि शुअर एसएम५८ हे दोन माइक, एटीएच-एम४०एक्स हेडफोन आणि रीपर सॉफ्टवेअर. स्टँड-केबल धरून खर्च ५० हजारांच्या थोडा वर गेला. लॅपटॉप घरातलाच.

एकच माइक लागणारा इंटरफेस स्वस्त पडत होता. तो घेतला नाही, फार बरं झालं. तबल्यावर एक आणि डग्ग्यावर एक माइक लावला की डग्ग्याचा घुमारा नंतर वेगळा कमी-जास्त करता येतो.

एटी२०२० हा कंडेन्सर माइक. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज, द्यावी लागते आणि तो बारीकसारीक सगळं टिपतो. शेजारच्या कुकरची शिट्टी आणि लोकलचा भोंगासुद्धा. त्यामुळे गाण्याला मी एसएम५८च लावते. तोंडापासून चार बोटांवर ठेवावा लागतो, गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवायची कळ) बराच चढवावा लागतो, पण बाहेरचा गोंगाट मागे राहतो. पेटीला मात्र एटी२०२०च हवा. दुपारी इमारत वामकुक्षी घेत असते तेव्हा पंखा बंद करायचा आणि माइक पट्ट्यांच्या वर दीड फुटावर धरायचा. भात्याकडे सरकला की हवेचा फुसकारा आणि बिजागरीची करकर आलीच.

सुरुवातीला एका दुकानदाराने एक इंची फोम गळ्यात मारला. त्याने फक्त वरचे स्वर दबले, डग्गा कोपऱ्यात घुमायचा तो घुमतच राहिला, आणि बाहेरचा आवाज तर अशा फोमने अडतच नाही. शेवटी आईच्या दोन जाड गोधड्या दोरीवर टाकल्या, त्याही बाबांच्या पाठीमागे. माइक समोरचं ऐकतो, म्हणजे गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्याच्यात शिरतो. गोधड्या टांगल्यावर टाळी वाजवून पाहिली. आधीचा टण्ण असा पडसाद गेला होता.

महिनाभर रेकॉर्डिंगमध्ये एक बारीक गुणगुण येत होती. केबल बदलली, तरी तीच. एकदा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि गुणगुण एकदम थांबली. सॉकेटला अर्थिंगच नव्हतं! इलेक्ट्रिशियनने तासाभरात ते काम केलं. नवी केबल घेण्याआधी एवढं जरूर तपासा.

रीपरचा ६० डॉलरचा परवाना मी दोन महिन्यांच्या चाचणीनंतर घेतला. जुन्या लॅपटॉपवरही ते अडखळत नाही. फक्त क्लिक (ठरलेल्या लयीत वाजणारी टकटक) लावून अभंग गाऊ नका. भजनी ठेक्यात लय हळूहळू चढते, क्लिकवर ती जखडून जाते आणि बाबा अवघडतात. आम्ही आधी नुसता गळा आणि पेटी कच्चं घेतो, मग तेच हेडफोनवर ऐकत तबला. गाताना इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबून ठेवते, म्हणजे बाबांना स्वतःचा आवाज उशिरा येत नाही.

अकरा अभंग झाले. आता बाबांना टाळ हवेत. जवळ धरले तर ते माइकला टोचतात, म्हणून टाळ वाजवणाऱ्या काकांना दाराबाहेर पॅसेजमध्ये बसवून दार अर्धं उघडं ठेवतोय. परवाचा पहिला प्रयत्न बाबांनी तीनदा ऐकला.