सरकारी तिकिटावर माइल्सचा नंबर टाकावा की नको?

भाची इंदूरला केंद्र सरकारच्या कार्यालयात आहे. महिन्यातून दोनदा तरी विमानानं इंदूर-दिल्ली दौरा. अशा प्रवासावर विमान कंपनी सदस्याच्या नावे माइल्स, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे गुण, जमा करते. परवा राजवाड्याजवळ पोहे खाताना तिनं विचारलं, “मामा, तिकिटावर माझा सदस्य क्रमांक टाकू का? अमेरिकेतला दादा म्हणतो, बिनधास्त टाक.”

दादाचं तिथं खरं आहे. 2001 अखेरच्या कायद्यानं तिथल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना असे माइल्स खासगी प्रवासाला वापरता येतात. आपल्याकडे उलट. अर्थ मंत्रालयाच्या जुलै 2017 च्या आदेशात स्पष्ट लिहिलंय: सरकारी प्रवासाचे माइल्स सरकारी प्रवासालाच वापरायचे, खासगी वापर केल्यास विभागीय कारवाई.

नंबर टाकला, तर पुढच्या दौऱ्याचं तिकीट माइल्सवर निघून कार्यालयाचा पैसा वाचतो. पण खरी अडचण हिशेबाची. तिच्या माइल्सच्या त्याच खात्यात दिवाळीत आईला घेऊन केलेल्या पुणे प्रवासाचेही माइल्स आहेत. दोन्ही मिसळले की कुठले कुणाचे, हे वर्षभरानं तिलाही सांगता येणार नाही. प्रत्येक दौऱ्याची तारीख आणि जमा माइल्स वहीत लिहून कार्यालयाला कळवावे लागतील.

नंबर नाही टाकला, तर कष्ट शून्य, माइल्स मात्र वाया. मला त्याची हळहळ वाटते, तो जनतेचाच पैसा.

सतत दौरे आणि कार्यालयात नोंद ठेवणारं कुणी असेल, तर नंबर टाकावा. वर्षातून एक-दोनच फेऱ्या असतील किंवा खासगी प्रवासही त्याच खात्यावर होत असेल आणि वेगळा हिशेब ठेवणं जमणार नसेल, तर रकाना रिकामा सोडावा. भाचीला मी नंबर टाकून नोंदींची वही घालायला सांगितलंय.