पानावरचा डाग आणि मागून कोरी असलेली बाटली

मागच्या पावसाळ्यात माझी अकरापैकी सहा ऑर्किड्स गेली. त्यात आईच्या पंच्याहत्तरीला आणलेलं पांढरं फॅलेनॉप्सिस (ऑर्किडचाच एक प्रकार) होतं. रोगाने ती जेवढी गेली, त्याहून जास्त मी विकत घेतलेल्या 'औषधाने' गेली. ठाण्यात, पुण्यात, नाशिकला पुष्पप्रदर्शनांतून ऑर्किड घेऊन येणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

जुलैच्या मध्यावर आईच्या झाडाच्या खालच्या पानावर मोहरीएवढा डाग दिसला. पान खिडकीकडे धरलं, तर तेवढाच भाग तेल लागलेल्या कागदासारखा आरपार दिसत होता. भोवती फिकट पिवळी कड. दुसऱ्या संध्याकाळी तोच डाग बोराएवढा झाला. बोट टेकवलं तर आत दबला आणि चहाच्या रंगाचं पाणी आलं. वास कुजलेल्या भाजीसारखा.

ज्या स्टॉलवरून झाडं घेतली होती, त्या माणसाला मी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं : "ताई, फंगस आहे, अॅडव्हान्स स्टेज. उशीर केलात तर सगळी जातील." मी घाबरले. त्याने १,२०० रुपयांची बाटली पाठवली. डाग, मुळकूज, कीड, सगळ्यांवर एकच. सकाळ-संध्याकाळ सगळ्या झाडांवर फवारायची, पानं निथळेपर्यंत.

आता आठवलं की जाणवतं, त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. डाग ओला आहे का, किती दिवसांत वाढला, पानाच्या मागे काय दिसतं, पाणी कधी घालता, काहीच नाही.

मी आठवडाभर मनोभावे फवारलं. शेजारच्या दोन झाडांवर तसेच ओले डाग आले. तेव्हा तो म्हणाला, "डोस कमी पडतोय," आणि १,६५० ची 'स्ट्राँग' बाटली दिली. तीही संपली तेव्हा म्हणाला, "हा तर व्हायरस आहे, सगळी टाका, मी नवी देतो." चार नवी झाडं, ४,८०० रुपये. पानं आरशासारखी चकाकत होती. घरी ओल्या कापडाने पुसली, तर चकाकी कापडावर उतरली आणि खालून जुने तपकिरी डाग दिसले. दोन पानांच्या कडा कात्रीने सरळ कापलेल्या होत्या. कुंडीत मातीऐवजी भरलेलं शेवाळ (मॉस) घट्ट, चिंब. मुळं काळी, बोटांत धरली तर साल निघून आत दोरा राहात होता.

मावसबहिणीचे सासरे कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र शिकवायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. ते रविवारी आले आणि आधी बाल्कनीच पाहिली. पश्चिमेकडून पावसाचा झोत आत येतो, वारा कोंडलेला, कुंड्या एकमेकींना चिकटून. मग म्हणाले, "अगं, हा बॅक्टेरियाचा रोग. तो पाण्यातून पसरतो. तू रोज दोनदा त्याला नेऊन पोचवत होतीस."

मला रडू आलं.

आप्पांनी ब्लेड गॅसवर लाल केलं, गार होऊ दिलं, डागाच्या पुढे दोन बोटं निरोगी हिरवा भाग घेऊन पान कापलं. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुन्हा आगीवर. कापलेल्या कडेला दालचिनीची पूड लावली, तीही फक्त कडेला, कारण मुळांवर पडली तर मुळं सुकतात. बॅक्टेरियासाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं औषध लेबलवरच्या प्रमाणातच वापरायला सांगितलं आणि डेंड्रोबियम प्रकारची ऑर्किड्स बाजूला ठेवायला लावली. त्यांना तांबं सोसत नाही. आईच्या झाडाची कूज तोवर मधल्या कोंबात उतरली होती. फॅलेनॉप्सिस त्या एकाच कोंबातून वाढतं. ते वाचलं नाही.

बसल्या बसल्या त्यांनी इतर डागही दाखवले. डाग उन्हाच्या बाजूलाच, कोरडा, कागदी आणि वाढत नाही, तर ते पान भाजलंय. सावली करा, औषध लागत नाही. पानाच्या टोकाकडून सुरू झालेला, खोलगट, काळसर, आत वलयावर वलय असा डाग बहुधा बुरशीचा. तो सावकाश वाढतो आणि त्यावर बुरशीनाशक चालतं. पानाची मागची बाजू चंदेरी, ठिपक्याठिपक्यांची दिसली तर पांढऱ्या कापसाने पुसून पाहा, तांबूस रेघ उमटली तर कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) आहेत. आणि विषाणू फोटोवरून ओळखता येत नाही, त्यासाठी चाचणी लागते. त्यावर औषधच नाही. तो मुख्यतः एका झाडाची कात्री दुसऱ्याला लावल्याने पसरतो. विषाणूवर बाटली विकणारा सरळ खोटं बोलतोय, असं आप्पांनी दोनदा सांगितलं.

मग त्यांनी बाटली मागितली. म्हणाले, कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. बुरशीनाशकंही त्यात येतात. डब्यावर नोंदणी क्रमांक, घटकाचं नाव, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, विषारीपणा दाखवणारा, टोकावर उभा आणि खालचा अर्धा भाग रंगीत असलेला चौकोन असावा लागतो. माझ्या बाटलीवर पुढे एक सुंदर जांभळं फूल होतं. मागे कोरं.

एकूण ७,६५० रुपये गेले. परत मागितले तर त्याने नंबर ब्लॉक केला. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केला तेव्हा पहिला प्रश्न पावतीचा आला आणि माझ्याकडे पावती नव्हती. पैसे कुणा भलत्याच्याच नावावर यूपीआयने गेले होते. तुम्ही पावती घ्याच, आणि झाड घरी आलं की निदान तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा. झाड घेताना पान पुसून बघा, विकणाऱ्याला राग आला तरी.

पाच झाडं आता पूर्वेच्या खिडकीत आहेत. पाणी फक्त सकाळी, मुळांना. पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर कापसाने टिपते. छोटा पंखा चालू असतो.

या फेब्रुवारीतल्या प्रदर्शनात त्याच माणसाचा स्टॉल होता. बाटली तीच, फूल आता गुलाबी, आणि खाली 'ऑरगॅनिक' असं छापलेलं. मी उचलून उलटी केली. मागे कोरंच होतं. शेजारी एक आजोबा पैसे काढत होते. त्यांना मी बाजूला घेतलं आणि फोनमधले आईच्या झाडाचे फोटो दाखवले.