गाइडसोबत आयलंड पीक: माणसे उत्तम, वेळापत्रक घाईचे

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पुण्याचे तिघे मित्र काठमांडूतील एका संस्थेमार्फत नेपाळच्या खुंबू भागातील आयलंड पीक, म्हणजेच इमजा त्से, या शिखरावर चढाईसाठी गेलो. काठमांडूहून निघून काठमांडूला परत येईपर्यंत सोळा दिवसांची ही मोहीम होती. शुल्कात लुक्ल्याचे (जिथून पायी चढाई सुरू होते त्या डोंगरातल्या छोट्या विमानतळाचे) जाण्यायेण्याचे विमान, परवाने, लॉजमधील मुक्काम व जेवण, बेस कॅम्पवरचे तंबू आणि स्वयंपाकी, दोर व भाड्याचे बूट, एक मुख्य गाइड, एक सहायक गाइड आणि दोन पोर्टर एवढे सारे धरलेले होते. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जी उणीव मला तेथे आढळली ती इतर अनेकांच्या वेळापत्रकांतही दिसते, आणि मोहीम ठरवणाऱ्याने ती पैसे भरण्यापूर्वीच ओळखावी एवढाच माझा हेतू आहे.

या शिखराची उंची बहुतेक ठिकाणी ६१८९ मीटर अशी छापलेली असते. डिंगबोचेच्या बाजूने पाहिले असता ते हिमनद्यांच्या मधोमध उठलेल्या बेटासारखे दिसते, म्हणून ब्रिटिश गिर्यारोहकांनी त्याला आयलंड पीक म्हटले; १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेतील काही जणांनी सराव म्हणून ते चढले होते. नेपाळ पर्वतारोहण संघ ज्यांचे परवाने देतो त्या ‘ट्रेकिंग पीक’मध्ये त्याची गणना होते, आणि या शब्दाने आपल्याकडच्या भटक्यांची बरीच दिशाभूल होते. सह्याद्रीत दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) आणि कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) हाताळलेल्या माणसाला अर्धी भाषा आधीच येत असते हे खरे. परंतु क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखालचे पोलादी दाते, बांधून कठीण बर्फावर टाच न टेकवता चढणे, हिमभेगेवर आडव्या टाकलेल्या शिडीवरून जाणे आणि जाड हातमोज्यांनी जुमार (दोरावर वर सरकणारी, पण खाली न घसरणारी पकड) सरकवणे या गोष्टी ट्रेकमध्ये कुठेच येत नाहीत.

आता वेळापत्रकाविषयी. जाहिरातीत नामचे बाजार (३४४० मीटर) आणि डिंगबोचे (४४१० मीटर) येथे प्रत्येकी दोन मुक्काम होते आणि शेवटी लुक्ल्याला एक राखीव दिवस होता. कागदावर हे ठीक होते. प्रत्यक्षात हंगामात लुक्ल्याची बरीचशी विमाने काठमांडूहून न सुटता रामेछाप जिल्ह्यातील मंथलीहून सुटतात. तेथे पोहोचण्यासाठी मध्यरात्रीनंतर गाडीने निघावे लागते, ही गोष्ट आम्हाला आदल्या संध्याकाळी समजली. मंथलीला ढगांमुळे एक दिवस अडकून पडलो. त्यात कुणाचाच दोष नव्हता. मात्र त्यानंतर संस्थेच्या कार्यालयाने तो गमावलेला दिवस शेवटच्या राखीव दिवसातून वळता न करता डिंगबोचेच्या दुसऱ्या मुक्कामातून कापला, आणि हा निर्णय मला अजूनही अक्षम्य वाटतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात साधारण पाचशे मीटरहून अधिक उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा नियम तेथील प्रत्येक गाइडला तोंडपाठ असतो. शरीराला विरळ हवेची सवय होण्यासाठी जे दिवस लागतात ते मोकळे दिसतात, म्हणून कार्यालयात बसलेल्या माणसाला तेच सर्वांत आधी कापण्याजोगे वाटतात.

परिणाम छुकुंगला (४७३० मीटर) दिसला. आमच्यापैकी एकाला संध्याकाळी डोकेदुखी सुरू झाली, रात्री दोनदा उलटी झाली आणि सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला तेव्हा त्याचा तोल गेला. मुख्य गाइड, ज्यांना आम्ही सारेच दाई (नेपाळीत थोरला भाऊ) म्हणत होतो, त्यांनी त्याला अंगणातील फरशीच्या एका रेषेवरून टाचेला बोट लावत चालायला सांगितले, दोनदा चालवून पाहिले आणि त्याच क्षणी सहायक गाइडबरोबर खाली पाठवण्याचे ठरवले. डिंगबोचेला उतरून विश्रांती घेतल्यावर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला जेवण जाऊ लागले. इकडे दाईंनी कार्यालयाला फोन लावला, राखीव दिवस इथेच वापरणार असे सांगितले, आणि पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकवले जात असतानाही शांतपणे तेच वाक्य तीनदा उच्चारले. त्या जादा दिवशी आम्ही दोघे छुकुंग री या साडेपाच हजार मीटरच्या टेकाडावर जाऊन मुक्कामाला परत आलो. शिखराच्या रात्री माझे डोके अजिबात दुखले नाही, याचे श्रेय मी त्या एका दिवसाला देतो.

दुसरी तक्रार बुटांची. शुल्कात धरलेले भाड्याचे दुहेरी (आत वेगळा उबदार थर असलेले) बूट छुकुंगच्या एका लॉजमधून मिळायचे होते. माझ्या मापाचा जोड शिल्लक नव्हता, म्हणून एक नंबर मोठा घ्यावा लागला. दोन जोड मोजे घालून सपाटीवर चालताना काही जाणवले नाही. हिमभिंतीवर मात्र क्रॅम्पॉनचे पुढचे दाते बर्फात मारताना प्रत्येक वेळी टाच बुटातच वर उचलली जाई, आणि दोन लाथांमध्ये होणारे काम चार लाथांमध्ये होई. बूट काठमांडूतच घालून पाहायला मिळतील असे करारात लिहून घ्यावे. आपले स्वतःचे नेता आले तर फारच उत्तम.

प्रशिक्षणाबद्दल मात्र मनापासून चांगले लिहावेसे वाटते. बेस कॅम्प (सुमारे ५१०० मीटर) वरच्या दुपारी दाईंनी उतारावर दोर लावला आणि दोराचा अँकर, म्हणजे दोर जिथे पक्का केलेला असतो ती जागा, ओलांडण्याची एकच कृती आमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतली: आधी मोकळे कॅरॅबिनर अँकरच्या पलीकडे अडकवायचे, मग जुमार काढून पलीकडे लावायचा, म्हणजे दोन्हींपैकी एक सतत दोरावर राहतो. पहिले पाच वेळा उघड्या हातांनी, नंतर जाड हातमोज्यांनी, आणि शेवटी डोळे मिटून. जुमारला हार्नेसशी जोडणारी पट्टी त्यांनी माझा हात वर ताणायला लावून मनगटाशी मोजली आणि चार बोटे आखूड केली, कारण पट्टी लांब राहिली तर दोरावर लटकलेल्या माणसाचा हात जुमारपर्यंत पोहोचत नाही.

मध्यरात्री उठून पाऊण वाजता आम्ही निघालो. पहिले काही तास खडकाळ घळीतून अंधारात चढायचे असते. दाई पुढे होते आणि त्यांचे पाऊल इतके हळू पडत होते की सुरुवातीला थंडीने माझी बोटे आखडली. मी घाई करू लागलो की मागे न पाहताच ते ‘बिस्तारै’ (हळूहळू) म्हणत. पहाटे क्रॅम्पॉन बांधून हिमनदीवर आलो. त्या हंगामात हिमभेगांवर अनेक ठिकाणी शिड्या होत्या; शिड्यांची संख्या दरवर्षी बदलते. त्यानंतरची हिमभिंत शंभर मीटरहून अधिक आहे आणि तिथेच रांग लागते. आम्ही लवकर निघाल्यामुळे आमच्यापुढे चारच माणसे होती; उतरताना मात्र खाली वीसेक जण उभे दिसले. भिंतीच्या वर अरुंद धार, तिच्यावर दोर, आणि मग मोजक्याच माणसांना उभे राहता येईल एवढा माथा.

येथून एव्हरेस्ट दिसत नाही, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. ल्होत्सेचा दक्षिण कडा अगदी समोर उभा असतो आणि एव्हरेस्ट त्याच्या पाठीमागे राहते. पूर्वेला मकालू आणि नैऋत्येला आमा दब्लाम स्वच्छ दिसले.

उतरताना थकव्याने माझ्या हातून एक चूक झाली. रॅपेलसाठी, म्हणजे दोरावरून उतरण्यासाठी, फिगर ऑफ एट या आठच्या आकाराच्या साधनात दोर घालून मी कॅरॅबिनर बंद ठेवणारा स्क्रू फिरवायला विसरलो. दाईंनी, जसे ते प्रत्येकाचे करत होते, कॅरॅबिनर चिमटीत धरून दाबून पाहिले, स्वतः स्क्रू फिरवला आणि एक शब्दही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘जा’ अशी खूण केली.

शुल्काबाहेरचा खर्च चार्जिंग, गरम पाणी, इंटरनेट आणि बक्षिसी यांवर होतो. वर चढावे तसे दरही चढतात. हेलिकॉप्टरने बचाव करणारा विमा सहा हजार मीटरच्या वरच्या चढाईला लागू आहे ना, हे पॉलिसीत वाचून घ्यावे.

परतल्यावर मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिले. त्यांनी बुटांचे भाडे परत केले. वेळापत्रकाबद्दल मात्र ‘हवामान’ एवढेच उत्तर आले. तरीही येत्या वसंतात जाणाऱ्या ओळखीच्या दोघांना मी याच संस्थेकडे पाठवले आहे. त्यांना दाईंचेच नाव मागून घ्यायला सांगितले असून करारात एक वाक्य घालून घ्यायला लावले आहे: दिवस कमी पडल्यास तो कोठून कापायचा हे मुख्य गाइड ठरवेल.