सोसायटीचा डास-नियंत्रण करार : धुराचे पैसे अळीकडे वळवा

मे महिना संपत आला की सोसायट्यांच्या ऑफिसात पेस्ट कंट्रोलची दरपत्रकं येऊन पडतात. मुंबई, ठाणे, पुणे, कुठलंही उघडा, मजकूर जवळपास तोच: महिन्यातून दोनदा फॉगिंग, एकदा गटारात अळीनाशक, तक्रार आली तर जादा फेरी. हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या ठरलेल्या साच्याचं आहे. डेंग्यू रोखायला हा साचा कमी पडतो. पण त्याच पैशांत तो बराच सुधारता येतो.

मोठा दोष वेळापत्रकात आहे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्टाय पावसाळ्याच्या उबेत अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण 7 ते 10 दिवसांत पोचतो. अळीनाशकाची फेरी महिन्यातून एकदाच असेल, तर मधल्या काळात डासांच्या तीन खेपा सहज उडून जातात. म्हणून फेरी आठवड्याला हवी. आरोग्य खातं ‘कोरडा दिवस’, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करण्याचा दिवस, आठवड्यातून एकदा पाळायला सांगतं, त्यामागे हेच गणित आहे.

दुसरा दोष जागेचा. गटारात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स. तो रात्री चावतो, हत्तीरोग पसरवतो, पण त्याच्यामुळे डेंग्यू होत नाही. एडिसला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं: कुंडीखालची बशी, मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे, ताडपत्रीची खोलगट घडी, गच्चीवरचं भंगार, पार्किंगमधला जुना टायर. कर्मचारी फक्त तळमजल्यावरच्या चेंबरांत फवारून गेला, तर डेंग्यूपुरती ती फेरी वायाच गेली.

आता फॉगिंग. धूर दिसतो, वास येतो, काम झाल्यासारखं वाटतं. मात्र डिझेल किंवा केरोसीनमध्ये मिसळलेल्या औषधाचे बारीक थेंब फक्त त्या क्षणी उडत असलेल्या डासाला लागतात. मागे असर राहत नाही, पाण्यातल्या अळीला काहीच होत नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि धूर तिच्याबरोबर निघून जातो. भर वाऱ्यातही तेच. फॉगिंग करायचंच तर सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या आसपास, कारण एडिस चावतोही त्याच वेळांना. शिवाय हा डास घरात पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या कोपऱ्यात बसतो. खिडक्या लावून घेतल्या आणि धूर अंगणात फिरला, तर तो आत सुखरूप राहतो.

तरीही हे कलम करारातून पूर्ण काढू नका. इमारतीत डेंग्यूचा रुग्ण सापडला की उडणारे डास लगेच मारणं गरजेचं असतं. तेव्हा रुग्णाच्या आणि आजूबाजूच्या घरांत पायरेथ्रम या कीटकनाशकाची फवारणी उपयोगी पडते: 2 टक्के अर्काचा 1 भाग, केरोसीनचे 19 भाग. गॅस, दिवा, उदबत्ती आधी विझवा, अन्न झाका, माणसं बाहेर काढा आणि नंतर खिडक्या उघडून घर नीट हवेशीर झाल्यावरच आत जा. फिश टँक झाकून त्याचा हवेचा पंप बंद ठेवा. ही औषधं माशांना फार विषारी असतात. रुग्णाने तापाच्या दिवसांत दिवसाही मच्छरदाणीत राहावं, पालिकेच्या आरोग्य खात्याला लगेच कळवावं.

करारात खरी किंमत मिळते ती अळीनाशकाला. टेमिफॉस हे अळीनाशक 50 टक्के ईसी (पाण्यात मिसळणारा तेलकट द्रव) असेल तर 10 लिटरच्या पंपाला 2.5 मिली पुरतं. पाण्याच्या पृष्ठभागावर चौरस मीटरला 20 मिली द्रावण या हिशेबाने एका पंपात 500 चौरस मीटर होतात. ‘जास्त टाकलं की जास्त चालतं’ म्हणत झाकणाने अंदाजे ओतणारा माणूस दिसला तर थांबवा. मोजायला साधी सिरिंज द्या.

आमची पसंती मात्र बीटीआयला (बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस). हा जिवाणू 1976 साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडला. अळी तो खाते, तिच्या आतड्यात त्याचं विष सुटतं आणि साधारण एका दिवसात ती मरते. माणसाला आणि माशांना त्याचा धोका नाही. बाजारातल्या ‘12 एएस’ या द्रव प्रकाराचं प्रमाण 10 लिटरला स्वच्छ पाण्यासाठी 50 मिली, घाण पाण्यासाठी 100 मिली. तो फसतो त्याची कारणं ठरलेली आहेत. कॅन न हलवता वरचं पातळ ओतलं जातं, कॅन उन्हात गच्चीवर पडलेला असतो, किंवा कालवलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरलं जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोष, म्हणजे अळीनंतरची आणि डास होण्याआधीची अवस्था, काहीच खात नाही. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसू लागले असतील तर बीटीआय आणि टेमिफॉस दोन्हींना उशीर झालेला असतो. ते पाणी ओतूनच द्यायला हवं, जमिनीवर, गटारात नाही. ओतल्यावर भांड्याची आतली कड काथ्याने घासा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की उबतात.

पिण्याच्या टाकीत कंत्राटदाराला कुठलंच औषध टाकू देऊ नका. तिथे काम आहे ते झाकणाचं. शहरी हिवतापाचा डास, ॲनॉफिलिस स्टिफेन्सी, टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. डॉ. चार्ल्स बेंटली यांच्या मुंबईच्या हिवतापावरच्या 1911च्या अहवालातही विहिरींचाच माग होता. झाकण घट्ट बसतं का, ओव्हरफ्लो आणि व्हेंट पाइपला 1.2 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची जाळी आहे का, टाकीवर चढायला शिडी आहे का, हे तपासा. शिडी नसली की टाकी कुणीच उघडून बघत नाही. मुंबईत डासांची पैदास आढळली तर महापालिका अधिनियमाच्या कलम 381 ब खाली नोटीस येते, आणि ती कंत्राटदाराला नाही, जागेच्या मालकाला किंवा ताबेदाराला.

लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसून गळती बंद करा. कारंजं किंवा वापरात नसलेली विहीर असेल तर गप्पी मासे सोडा, पण नदी-तलावाला मिळणाऱ्या पाण्यात नको.

करारावर सही करण्याआधी कीटकनाशक कायदा, 1968 खालचा परवाना बघा आणि ही कलमं लिहून घ्या. जून ते नोव्हेंबर दर आठवड्याला, ठरलेल्या वारी फेरी. गच्ची, पोडियम, पार्किंग, लिफ्टचा खड्डा यांची क्रमांक दिलेली यादी. प्रत्येक जागेसमोर पाणी होतं का, अळी होती का, काय केलं याची नोंद. फेरीनंतर 24 ते 48 तासांनी कमिटीतल्या एकाने पांढरा डिपर (पाणी काढून बघायचा दांड्याचा पेला) आणि बॅटरी घेऊन फिरावं. सावली पडली की अळ्या तळाला जातात, म्हणून मिनिटभर स्थिर उभं राहून मग डिपर तिरका बुडवावा. पृष्ठभागाला समांतर पडलेली अळी ॲनॉफिलिसची, डोकं खाली करून लटकणारी एडिस किंवा क्युलेक्सची. यादीतल्या जागी जिवंत अळी किंवा कोष मिळाला तर त्या आठवड्याचं बिल थांबवायचं आणि कंत्राटदाराने दोन दिवसांत फुकट फेरी मारायची, हे कलम मान्य करणाऱ्यालाच काम द्या.