तक्रारपेटी की सूचनावही? वाचनालयासाठी ठरवताना

तालुक्याच्या गावातल्या एका, शासनाच्या प्रतवारीत 'ब' वर्गात असलेल्या वाचनालयाचा मी सात वर्षं कार्यवाह होतो. वाचकांच्या तक्रारी घ्यायच्या दोन्ही पद्धती त्या काळात वापरून झाल्या. आधी भिंतीवरची कुलूपबंद पेटी, नंतर टेबलावरची उघडी वही. मध्ये काही महिने व्हॉट्सॲपचा ग्रुपही चालवला. सध्या ओळखीच्या दोन वाचनालयांची कार्यकारी मंडळं याच प्रश्नावर अडली आहेत, दोन्हीकडून विचारणा झाली, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

पेटी कशी असते हे सांगत बसत नाही. वहीबद्दल मात्र एक खुलासा आधीच केलेला बरा. बहुतेक वाचनालयांत एक अभिप्राय वही असते. पाहुणे आले की ती कपाटातून निघते, 'वाचनालयास भेट दिली, ग्रंथसंपदा पाहून समाधान वाटले' असं लिहून खाली सही होते आणि ती परत कपाटात जाते. मी त्या वहीबद्दल बोलत नाही. मी म्हणतोय ती सभासदांची वही. डाव्या पानावर वाचकानं लिहायचं, उजव्या पानावर वाचनालयानं उत्तर द्यायचं आणि वही सगळ्यांना वाचायला कायम उघडी.

पेटीचा मोठा गुण म्हणजे नाव लागत नाही, आणि हा गुण मी कमी लेखत नाही. छोट्या गावात निर्गम सहायक, म्हणजे टेबलावर पुस्तकं देणारा-घेणारा, कुणाचा तरी भाचा असतो, ग्रंथपाल शेजारच्या आळीत राहतो. 'संध्याकाळी पुस्तक शोधून द्यायला कंटाळा करतात' हे तोंडावर कोण सांगणार? आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात. काहीजण सकाळी सातला बॅग ठेवून जागा अडवतात आणि उगवतात दुपारी, हे आम्हाला पेटीतूनच कळलं. समोर मुद्दाम येऊन बसणाऱ्या एका माणसाबद्दल एका मुलीनं पेटीतच चिठ्ठी टाकली होती. ती चिठ्ठी पेटी उघडायच्या आदल्या दिवशी पडली हे आमचं नशीब, दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या माणसाला बोलावून घेतलं. असं कुणी उघड्या वहीत लिहिणार नाही आणि लिहावं अशी अपेक्षाही करू नये.

मग पेटी का सोडली? कारण एकच, आणि ते मला अजून बोचतं.

पेटीची किल्ली माझ्याकडे असायची आणि महिन्याच्या सभेआधी मी ती उघडायचो. एका एप्रिलमध्ये पेटीत कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली चिठ्ठी निघाली. निळी शाई, मोठं, सावकाश काढलेलं अक्षर, वर तारीख. मजकूर असा होता: 'खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तके मला वाकून पाहता येत नाहीत. गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. कथासंग्रह वर ठेवता आले तर बरे. नाहीतर जवळ एक स्टूल ठेवावे. एक वाचक.' तारीख सव्वीस दिवसांपूर्वीची.

स्टूल आमच्याकडे होतं. मागच्या खोलीत, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांखाली. त्याच संध्याकाळी ते कथासंग्रहांच्या कपाटापाशी ठेवलं, पुढच्या दोन दिवसांत कप्पे वर-खाली केले. खर्च शून्य. पण हे सांगायचं कुणाला? नाव नव्हतं. फलकावर सूचना लावली. पंधरा दिवसांनी अनामत परत केल्याच्या पावत्या तपासताना एका अर्जावर तीच निळी शाई आणि तेच अक्षर दिसलं. सत्तरीच्या एका बाईंनी सभासदत्व बंद केलं होतं, पेटी उघडायच्या नऊ दिवस आधी. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं, ते कोणी वाचलंच नसेल." त्या परत आल्या नाहीत. मुलगी पुण्याहून पुस्तकं आणून द्यायला लागली होती, त्यांची तेवढ्यावर सोय झाली होती.

किल्ली महिन्यातून एकदा फिरवायची ही चूक माझीच, हे मान्य. रोज उघडली असती तर सव्वीस दिवस गेले नसते. तरी पेटी रोज उघडली तरीही लिहिणाऱ्याला उत्तर परत जायची वाट त्या लाकडी खोक्याला नाहीच. चिठ्ठी आत पडते, तिचं पुढे काय झालं हे टाकणाऱ्याला कळत नाही, आणि दुसऱ्या कुणी काय टाकलं हे तर कुणालाच कळत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला सरकारी कचेरीलाही ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पेटीतल्या चिठ्ठीला मुदत कसली? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला चौथा आहे 'वाचकाचा वेळ वाचवा'. आमच्या भिंतीवर तो चौकटीत लावलेला होता. पेटीच्या बरोबर वर.

वही सुरू केली तेव्हा पहिले दोन महिने तिच्यात 'स्तुत्य उपक्रम' यापलीकडे काही आलं नाही. त्याला कारण होतं जागेचं. आम्ही ती देवघेवीच्या टेबलावर ठेवली होती, म्हणजे ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याच नजरेसमोर. एसटीच्या स्थानकावर तक्रार पुस्तक असतं, पण ते मागून घ्यावं लागतं, आणि मागायला लागलं की निम्मी माणसं तिथूनच परत फिरतात. आमचंही तसंच होत होतं. वही उचलून वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या टोकाला ठेवली, पेन दोरीनं बांधलं, आणि आठवड्याभरात वाचनकक्षातल्या तिसऱ्या पंख्याच्या आवाजाबद्दल चार ओळी आल्या. उजव्या पानावर उत्तर गेलं: 'वायरमनला सांगितले आहे, शनिवारी येतो.' शनिवारी तो आला नाही. सोमवारी त्याच पानावर दुसऱ्याच्या अक्षरात 'अजून वाजतो' असं आलं. मंगळवारी पंखा दुरुस्त झाला.

वहीत लिहिणाऱ्यांपेक्षा वही वाचणारे जास्त निघाले. पेपर वाचून झाला की माणसं ती मागे चाळत बसायची. त्यामुळे तीच तक्रार पुन्हा पुन्हा येणं थांबलं, आधीच्या ओळीखाली नुसतं 'मीही' लिहून लोक तारीख टाकायचे. कुठली अडचण एकाची आणि कुठली पंचवीस जणांची, हे मोजणी न करता दिसायला लागलं. पुस्तकांच्या तक्रारींत तर फरक फारच जाणवला. पेटीत चिठ्ठी यायची, 'कादंबरीची मधली पाने नाहीत'. कुठली कादंबरी, कुठली प्रत? वहीत आम्ही वर छापून ठेवलं होतं की पुस्तकाबद्दल लिहिताना दाखल अंक, म्हणजे त्या प्रतीवर वाचनालयानं घातलेला नोंदणी क्रमांक, लिहावा. मग प्रत हातात घेऊन बांधणीला पाठवता यायची.

नकार द्यायलाही वही सोयीची पडली, हे मला अनपेक्षित होतं. रविवारी संध्याकाळी वाचनालय उघडं ठेवा, ही मागणी दर वार्षिक सर्वसाधारण सभेत व्हायची आणि दर वर्षी आवाज चढायचे. ती वहीत आली तेव्हा ग्रंथपालांनी सरळ लिहिलं की माणसं तीन, अनुदानाचा हप्ता आल्यावर पगार होतो, साप्ताहिक सुट्टी कापली तर बदली माणूस ठेवावा लागेल, आणि त्याचा खर्च वर्गणी वाढवल्याशिवाय निघणार नाही. खाली दोघांनी लिहिलं, वर्गणी वाढवू नका. त्या वर्षीच्या सभेत तो विषय निघाला नाही. एका वर्षावरून मी फार काही सिद्ध करू पाहत नाही, पण मला तरी हे वहीमुळेच झालं असं वाटतं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपली वाचनालयं १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान घेतात, पण मुळात त्या नोंदणी केलेल्या संस्था आहेत. सर्वसाधारण सभेत सभासदाला मत असतं. तो दुकानातलं गिऱ्हाईक नव्हे, संस्थेचा एक धनी आहे. त्याच्या म्हणण्याची नोंद बाकीच्या सभासदांना दिसली पाहिजे, असं माझं मत.

वहीचे तोटेही सांगायला हवेत. आमच्या ग्रंथपालांनी सुरुवातीला तिला कडाडून विरोध केला होता. "चूक माझ्या हातून झाली तर ती गावानं का वाचायची?" हा त्यांचा सवाल. मला तो रास्त वाटला. थोडक्या पगारावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसाची उघड्यावर शोभा करायला कुठल्याही मंडळानं वही वापरू नये. आम्ही पहिल्या पानावर नियम लिहिला: वहीत कुणाही व्यक्तीचं नाव येणार नाही. कर्मचाऱ्याच्या वागण्याबद्दल काही असेल तर बंद पाकिटात कार्यवाहाकडे द्यावं. हा नियम आधीच करा, भांडण झाल्यावर नको. पानांना क्रमांक घालून ठेवा हेही त्यातलंच. एका सभेत मंडळातल्याच एका सदस्यानं एक पान फाडून टाकायचा आग्रह धरला होता, पानं क्रमांकाची होती म्हणून ते टळलं.

दुसरा तोटा, अमुक एक पुस्तक वाचनालयातून काढून टाका, अशी मागणी. आमच्याकडे एका आत्मचरित्रावरून हे झालं आणि दोन दिवसांत त्या पानावर सहा जणांचा वाद रंगला. पंखा वाजतो ही तक्रार आणि पुस्तक नको ही तक्रार एका जातीची नाही. पुस्तकावरचा आक्षेप ग्रंथनिवड समितीनं वेगळा, लेखी, नावानिशी घ्यावा, आक्षेप घेणाऱ्यानं पुस्तक पूर्ण वाचलंय का हे विचारावं, समितीतल्या सगळ्यांनीही ते वाचावं आणि मग पत्रानं उत्तर द्यावं. तोवर पुस्तक कपाटातच राहील. वहीत फक्त 'समितीकडे दिले' एवढीच नोंद. टेबलावरच्या माणसानं यावर तिथल्या तिथे हो-नाही करू नये.

व्हॉट्सॲपबद्दल थोडक्यात. राखून ठेवलेलं पुस्तक आलं, उद्या वाचनालय बंद आहे, असं कळवायला ते उत्तम. तक्रारींसाठी नाही. रात्री अकराला तक्रार येते आणि सव्वाअकराला 'उत्तर का नाही' येतं. सकाळी शुभेच्छांच्या चित्रांखाली दोन्ही गडप होतात. ज्या वयस्क वाचकांची मला जास्त काळजी होती ते त्या ग्रुपवर नव्हतेच. शिवाय ग्रुपमध्ये सगळ्या बायका-मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात. त्यावरून एकीनं नाराजी कळवली आणि आम्ही तो बंद केला.

पुण्या-मुंबईतल्या शाखा असलेल्या मोठ्या ग्रंथालयांना माझा अनुभव जसाच्या तसा लागू पडेल असं म्हणणार नाही. तिथे ईमेल, छापील अर्ज, पोच पावती असं काहीतरी लागेलच. तुमची अभ्यासिका मोठी असेल, मुली जास्त असतील, तर तिथे एक छोटी पेटी जरूर ठेवा, पण किल्ली मंडळातल्या एखाद्या महिला सदस्याकडे द्या आणि ती रोज उघडली जाईल अशी व्यवस्था करा. कर्मचारी आणि सभासद यांच्यात आधीच ताण असेल तर वही सहा महिने पुढे ढकला. बाकी सर्वसाधारण वाचनालयाला, निवड एकाचीच करायची झाली, तर मी वहीकडे झुकेन.

घेणार असाल तर फुलस्केप आकाराची, पुठ्ठ्याच्या बांधणीची घ्या, सुट्या कागदांची फाईल नको. आठ दिवसांत काहीतरी उत्तर गेलंच पाहिजे, भले ते 'बघतो आहोत, पुढच्या महिन्यात सांगतो' एवढंच असो, आणि पुढच्या महिन्याची तारीख आली की तीच ओळ पुन्हा उघडा. उत्तर ग्रंथपालानं स्वतःच्या हातानं लिहावं, कार्यवाहानं नव्हे. वाचकाची रोजची गाठ त्याच्याशी पडते, आणि उत्तर लिहायचा अधिकार मिळाला की वही त्याचीही होते. आमच्या ग्रंथपालांनी दुसऱ्या वर्षी एक दिवस डाव्या पानावर, वाचकांच्या रांगेत, लिहिलं: 'दिवाळी अंक ठेवायला आणखी एक मांडणी हवी. दोन वर्षे मागतो आहे.' त्याचं उत्तर उजव्या पानावर मला लिहावं लागलं, आणि नोव्हेंबरच्या आत मांडणी आली.